‘इंग्लिश’ चिमणी : एका पक्षिवादाचा आणि अंगणातील निरीक्षणाचा इतिहास

नित्य दृष्टीस पडणाऱ्या गोष्टींचा इतिहास लिहिण्याकडे विद्वानांचे सहसा लक्ष जात नाही. हत्ती, घोडा, बहिरी ससाणा ह्यांना राजदरबारी स्थान असल्यामुळे त्यांची वर्णने बखरींत आणि प्रवासवृत्तांत आढळतात. आढ्याला घरटे बांधणाऱ्या चिमणीची नोंद ठेवण्याची गरज कोणास भासली नाही. ह्या सामान्य नियमाला एकोणिसाव्या शतकातील अमेरिका हा ठळक अपवाद आहे. तेथे घरचिमणी मूळची नव्हती. ती मुद्दाम आणविली गेली, आणि म्हणूनच ती कोठून, केव्हा व कशासाठी आली ह्याविषयी कागदपत्रे निर्माण झाली. पुढे तिच्या बऱ्यावाईटाविषयी जो वाद माजला त्याने मान्यवर शास्त्रज्ञांत वैर उत्पन्न केले, कायदे करविले आणि शासकीय अहवाल लिहविले. त्या वादात शब्दांनी पुराव्याची जागा कशी घेतली व पुराव्याने ती परत कशी मिळविली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. अंगणात दाणे ठेवून पक्षी मोजण्याची जी पद्धती आज पाश्चात्त्य देशांत रूढ आहे तिचे मोलही ह्या इतिहासाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते.

१

ब्रुकलिन इन्स्टिट्यूट ह्या संस्थेने इ. स. १८५० मध्ये इंग्लंडहून चिमण्यांच्या आठ जोड्या आणविल्या व पुढील वसंतऋतूत त्या सोडून दिल्या, असे त्या उपक्रमाशी संबंधित असलेल्या निकोलस पाइक ह्यांनी पुढे नमूद केले आहे. हा पहिला प्रयत्न फसला. १८५२ मध्ये लिव्हरपूलहून अधिक मोठा थवा आला. त्यांतील काही पक्षी १८५३ मध्ये ग्रीनवुड दफनभूमीत सोडण्यात आले आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी एक माणूसही नेमण्यात आला. पाइक ह्यांचे हे वृत्त अनेक वर्षांनंतरच्या आठवणींवर आधारलेले आहे. म्हणून त्यातील तपशील सावधपणे घ्यावयास हवेत. परंतु १८५० नंतरच्या दोन दशकांत पूर्व किनाऱ्यावरील अनेक नगरांनी हाच कित्ता गिरविला, ह्याविषयी संशय नाही. फिलाडेल्फिया नगराने १८६९ मध्ये एकदम सुमारे एक हजार चिमण्या आणविल्या. बॉस्टननेही त्याच सुमारास आपल्या सार्वजनिक उद्यानात त्या सोडल्या.

ह्या आयातीचे कारण व्यावहारिक होते. रस्त्यांच्या कडेला लावलेल्या झाडांवर त्या काळी अळ्यांचा इतका प्रादुर्भाव होत असे की, भर उन्हाळ्यात झाडे निष्पर्ण होत आणि तंतूंनी लोंबकळणाऱ्या अळ्या पादचाऱ्यांच्या अंगावर पडत. चिमणी ह्या अळ्यांचा फडशा पाडील अशी अपेक्षा होती. तीत मायदेशाच्या आठवणीचा अंशही मिसळलेला होता. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांना आपल्या बालपणीचे हे पाखरू नव्या भूमीत दिसावे असे वाटे. विल्यम कलन ब्रायंट ह्या विख्यात कवीने तिच्या स्वागतार्थ कविता रचली. नागरिकांनी झाडांना लाकडी पेट्या टांगल्या आणि हिवाळ्यात दाणे घातले. बॉस्टनच्या उद्यानात तर चिमण्यांना मारणाऱ्या खाटीक पक्ष्यांनाच गोळ्या घालण्यात आल्या. अमेरिकन नगरांत पक्ष्यांना सार्वजनिकरीत्या चारा घालण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत ह्या चिमण्यांची गणना करावी लागेल.

चिमणी रुजली ती मुख्यतः ह्या आदरातिथ्याने रुजली असे मात्र म्हणता येत नाही. त्या काळची नगरे घोड्यांवर चालत होती. घोड्यांच्या तोबऱ्यांतून सांडणारे ओट धान्य आणि त्यांच्या लिदीतील न पचलेले दाणे हा चिमणीचा बारमाही चारा होता. तबेल्यांच्या वळचणी तिला घरट्यासाठी आयत्याच मिळाल्या. येणेप्रमाणे नागरिकांनी जाणूनबुजून मांडलेल्या पंक्तीपेक्षा नकळत मांडलेली पंक्ती कितीतरी मोठी होती. शतक संपण्यापूर्वीच हा पक्षी मिसिसिपी नदीच्या पलीकडे पोहोचला होता.

२

१८७० नंतर मत पालटू लागले. चिमणी अळ्यांपेक्षा धान्य अधिक खाते, फळझाडांच्या कळ्या कुरतडते आणि निळा पक्षी, पाकोळी इत्यादी देशी पक्ष्यांना त्यांच्या घरट्यांतून हुसकावून लावते, अशा तक्रारी येऊ लागल्या. ह्या पक्षाचा पुरस्कर्ता होता वॉशिंग्टनचा एलियट कौझ. त्याचा उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांवरील मार्गदर्शक ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चिमणीच्या बाजूने उभा राहिला बॉस्टनचा थॉमस ब्रूअर. बेअर्ड व रिजवे ह्यांच्यासमवेत १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बृहद् पक्षिग्रंथाचा तो सहलेखक. प्राणिदयेच्या चळवळीचा अध्वर्यू हेन्री बर्ग हाही चिमणीच्याच बाजूचा होता. म्हणजे दोन्हीकडे अधिकारी माणसे होती, आणि तरीही वाद शास्त्रीय पातळीवर राहिला नाही. नियतकालिकांतून परस्परांची निर्भर्त्सना झाली. कौझने १८७९ मध्ये ह्या वादासंबंधीच्या सर्व लिखाणाची सटीप सूचीच प्रसिद्ध केली. परंतु त्या टिपांत प्रतिपक्षाची रेवडी उडविण्याचा मोह त्याला आवरला नाही. १८८० च्या जानेवारीत ब्रूअर निवर्तला आणि चिमणीचा सर्वांत जाणता कैवारी नाहीसा झाला.

१८८३ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांचा संघ स्थापन झाला. कौझ हा त्याच्या संस्थापकांपैकी एक होता. संघाने लगेच एक समिती नेमली. तिच्यापुढील प्रश्न असा मांडला होता की, युरोपीय घरचिमणी ही अमेरिकेची स्वीकृत रहिवासी होण्यास पात्र आहे किंवा अपात्र. १८८५ मध्ये समितीने तिच्या विरुद्ध निर्णय दिला. ह्यानंतर तिला मिळालेले कायद्याचे संरक्षण ठिकठिकाणी काढून घेण्यात आले. मिशिगनसारख्या राज्याने तर चिमणी मारणाऱ्यास इनाम देऊ केले.

३

समितीच्या प्रश्नाची शब्दरचना मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. पात्र, अपात्र, रहिवासी, स्वीकृती ही नागरिकत्वाच्या कायद्यातील परिभाषा आहे. तीच भाषा वादाच्या इतर लिखाणातही पसरलेली दिसते. चिमणीला परकी, भटकी, गुंड, गलिच्छ, बहुप्रसव अशी विशेषणे लावली जात. ज्या दशकात हे घडत होते त्याच दशकात, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना प्रवेश नाकारणारा कायदा अमेरिकेत संमत झाला. गॅरी ॲलन फाइन व लाझारस ख्रिस्तोफोरिडीस ह्या समाजशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ह्या दोन घटनांतील साम्याकडे लक्ष वेधले. पक्ष्याविषयीची भाषा ही उपऱ्या माणसांविषयीच्या भाषेचे प्रतिबिंब होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन बव्हंशी मान्य होण्यासारखे असले तरी त्यात एक अडचण आहे. ह्या चिमणीचे अमेरिकेतील रूढ नाव ‘इंग्लिश चिमणी’ असे होते. तत्कालीन अमेरिकेत ज्यांचा द्वेष केला जाई ते लोक आयरिश, चिनी, इटालियन होते, इंग्रज नव्हते. ‘इंग्लिश’ हे विशेषण तुच्छतेचे असण्याऐवजी कुलीनतेचेच द्योतक मानले जाई. तेव्हा नावामुळे द्वेष उत्पन्न झाला असे म्हणता येणार नाही. नावाने दुसरेच एक कार्य केले. ‘इंग्लिश’ ह्या शब्दाने पक्ष्याचा परकेपणा प्रत्येक उच्चाराबरोबर स्मरणात ठेवला. मग तो परकेपणा कोणत्या प्रकारचा समजावयाचा हे बोलणाऱ्याच्या मनातील पूर्वग्रहावर अवलंबून राहिले. स्वागत करणाऱ्यांना त्यात मायदेश दिसला. तिरस्कार करणाऱ्यांना घुसखोर दिसला. एकच शब्द दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडला.

ह्याला ग्रंथनामांचा पुरावा आहे. वॉल्टर बॅरोज ह्याच्या १८८९ च्या शासकीय अहवालाच्या शीर्षकात ‘इंग्लिश चिमणी’ आहे. एडविन काल्मबाख ह्याच्या १९४० च्या अहवालातही तीच आहे. परंतु १९६४ मध्ये जॉन्स्टन व सेलँडर ह्यांनी अमेरिकेत ह्या पक्ष्याचे रंग व आकारमान प्रदेशपरत्वे कसे बदलले हे दाखविणारा सुप्रसिद्ध लेख लिहिला, तेव्हा शीर्षकात ‘घरचिमणी’ आली. लिनीअसने १७५८ मध्ये ह्या पक्ष्याला जे लॅटिन नाव दिले त्यातील विशेषणाचा अर्थही ‘घरची’ असाच होतो. शंभर वर्षांत पक्षी तोच राहिला नव्हता. निरनिराळ्या हवामानांत त्याचे स्थानिक प्रकार घडले होते. तो अमेरिकेचा झाल्याचा शास्त्रीय पुरावा पुढे आला त्या सुमारास त्याचे परके नावही शास्त्रीय लेखनातून मागे पडलेले दिसते.

४

वादाचा मूळ मुद्दा साधा होता : चिमणी अळ्या खाते किंवा नाही? ब्रूअरने तिला अळ्या वेचताना पाहिले होते. कौझच्या पक्षाने तिला धान्यावर ताव मारताना पाहिले होते. दोघांचेही पाहणे खरे होते. चूक होती ती प्रश्नात. कारण त्यात ‘कोणती चिमणी’ आणि ‘केव्हा’ हे दोन्ही शब्द नव्हते.

बॅरोजच्या अहवालाने देशभरातून पत्रोत्तरे गोळा केली आणि पाचशेंहून अधिक चिमण्यांची जठरे तपासून घेतली. त्यांपैकी थोड्याच जठरांत कीटक आढळले आणि चिमणीविरुद्ध निकाल पक्का झाला. त्याच अहवालात आणखी एक उपयुक्त निरीक्षण नमूद आहे. चिमण्या आल्यानंतर काही नगरांतील गुळगुळीत अळ्या कमी झाल्या हे खरे. पण केसाळ अळ्यांची एक जात मात्र वाढली, कारण तिला चिमणी तोंड लावीत नाही. म्हणजे एका उपद्रवाची जागा दुसऱ्याने घेतली. न्यूयॉर्क राज्याचे कीटकशास्त्रज्ञ लिंटनर ह्यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला होता. इनामे देऊन चिमण्या मारविण्याच्या उपायाला मात्र बॅरोजने विरोध केला. त्यात पैशाचा अपव्यय होतो असे त्याचे मत होते.

अर्धशतकानंतर काल्मबाखने हजारो जठरांची तपासणी केली आणि प्रौढ पक्षी व पिले ह्यांचे कोष्टक वेगळे मांडले. तेव्हा जुन्या भांडणाची गाठ सुटली. प्रौढ चिमणीचा आहार जवळजवळ सर्वस्वी वनस्पतिजन्य असतो. घरट्यातील पिलांच्या आहारात मात्र सुमारे दोन-तृतीयांश भाग कीटकांचा असतो. धान्यावर जगणारा पक्षी आपल्या पिलांना पहिल्या काही दिवसांत कीटकांवरच वाढवितो. ब्रूअर व कौझ दोघेही ज्याला पाहत होते ते एकाच जीवनक्रमाचे दोन भाग होते.

तिरस्कृत झालेल्या ह्या पक्ष्याने शास्त्राची आणखी एक सेवा केली. १ फेब्रुवारी १८९८ च्या हिमवादळानंतर प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठातील हर्मन बंपस ह्याच्याकडे अर्धमेल्या अवस्थेतील १३६ चिमण्या आणण्यात आल्या. त्यांपैकी ७२ वाचल्या, ६४ मेल्या. बंपसने प्रत्येकीची मापे घेतली आणि वाचलेल्या व मेलेल्या पक्ष्यांच्या शरीररचनेत फरक आहे असे दाखविले. निसर्गनिवडीची क्रिया प्रत्यक्ष आकड्यांत पकडण्याचा हा एक आद्य प्रयत्न होय. त्याने मापे छापून ठेविल्यामुळे पुढील पिढ्यांतील संख्याशास्त्रज्ञांना त्याचे निष्कर्ष पुनःपुन्हा तपासता आले.

५

विसाव्या शतकात घोडे गेले आणि मोटारी आल्या. डेन्व्हर येथील बर्गटोल्ड ह्याने १९२१ मध्येच, मोटारींमुळे नगरातील चिमण्या घटत आहेत, असे लिहून ठेवले. ही घट फार थोड्यांना जाणवली. ज्याचा कंटाळा आला आहे त्याचे नाहीसे होणे डोळ्यांत भरत नाही.

ह्या दृष्टीने लंडनचे एक उदाहरण बोलके आहे. मॅक्स निकल्सन ह्याने १९२५ च्या नोव्हेंबरात केन्सिंग्टन गार्डन्समधील चिमण्या मोजल्या. त्या २,६०३ भरल्या. त्याच उद्यानात १९४८ मध्ये ८८५, १९७५ मध्ये ५४४ आणि २००० मध्ये अवघ्या ८ चिमण्या आढळल्या. ज्या वेळी चिमणी मोजणे हा वेडेपणा वाटला असता त्या वेळी कोणीतरी ती मोजली, म्हणून पाऊण शतकानंतर घट किती झाली हे सांगता आले. डेनिस समर्स-स्मिथ हा व्यवसायाने अभियंता. त्याने दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात चिमण्यांच्या पायांत रंगीत कडी घालून त्यांच्या दैनंदिन जीवनाचा अभ्यास केला आणि १९६३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. चिमणी आपल्या जन्मस्थानापासून फार दूर जात नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून एखाद्या वस्तीतील चिमण्या संपल्या की ती जागा पुन्हा भरून निघणे अवघड असते.

हौशी नागरिकांच्या निरीक्षणाला शिस्त लावण्याचे कार्य त्यानंतर झाले. इंग्लंडात १९७९ पासून दर जानेवारीत घरोघरच्या बागांतील पक्ष्यांची गणना होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात लाँग पॉइंट वेधशाळेने १९७६ मध्ये दाणापात्रांवर येणाऱ्या पक्ष्यांची हिवाळी पाहणी सुरू केली. १९८७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेच्या सहकार्याने ती सर्व उत्तर अमेरिकेत पसरली. हिची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. एकच चिमणी दिवसातून वीस वेळा दाणे टिपण्यास येऊ शकते. येणाऱ्या पक्ष्यांची बेरीज केली तर एकीच्या वीस होतील. म्हणून एका जातीचे जास्तीत जास्त किती पक्षी एकाच क्षणी एकत्र दिसले, एवढाच आकडा लिहावयाचा असतो. हा आकडा खऱ्या संख्येपेक्षा कमी असतो, पण तो सर्वत्र एकाच रीतीने घेतलेला असतो; यास्तव वर्षावर्षांची तुलना त्यावरून करता येते. निरीक्षकाचे पक्ष्याविषयी मत काय आहे ह्याला तेथे वाव नाही. वास्तविक अनेक अमेरिकन गृहस्थ आजही चिमणीला दाणापात्रावरची आगंतुक समजतात, तिला न रुचणारे दाणे मुद्दाम निवडतात, आणि निळ्या पक्ष्यासाठी टांगलेल्या पेटीतून तिचे घरटे काढून टाकतात. १९१८ च्या पक्षिसंरक्षक कायद्याचे छत्रही तिच्यावर नाही. तरीही त्याच गृहस्थांनी प्रामाणिकपणे लिहिलेल्या आकड्यांवरून, शहरी भागांत तिची संख्या घटत असल्याचे २०२० मध्ये सिद्ध करता आले.

६

इंग्लंडात ही घट इतकी चिंतेची ठरली की ‘इंडिपेंडंट’ ह्या वृत्तपत्राने २००० मध्ये तिचे कारण शास्त्रीय रीतीने सिद्ध करणाऱ्यास ५,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. २००२ मध्ये तेथील चिंताजनक पक्ष्यांच्या सूचीत घरचिमणीचे नाव आले. लेस्टर परिसरात केट व्हिन्सेंट ह्यांनी २००५ मध्ये पूर्ण केलेल्या अभ्यासात, घरट्यातील पिले कीटकांच्या अभावी उपाशी मरतात, असे आढळले. काल्मबाखने आकड्यांत मांडलेली गोष्टच येथे वेगळ्या वेषात परत आली. दाणापात्रात कितीही धान्य ओतले तरी पिलाच्या पहिल्या आठवड्याची भूक त्याने भागत नाही. त्यासाठी झुडपे, गवत आणि त्यांवरील कीड ह्यांची आवश्यकता असते. लंडनमध्ये चिमण्यांना अळ्या पुरवून पाहण्यात आले. त्यामुळे उडून जाणाऱ्या पिलांची संख्या वाढली. प्रौढ पक्ष्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पक्ष्यांतील हिवतापाच्या परोपजीवीचाही लंडनमधील घटीशी संबंध दाखविण्यात आला. तात्पर्य, एकाच कारणाचा आग्रह धरणे हे कौझ-ब्रूअर ह्यांच्या वादाची पुनरावृत्ती करण्यासारखे आहे.

भारतात चिमणी उपरी नसल्यामुळे तिच्या पात्रतेचा प्रश्न कधी निघाला नाही. अमरकोशात चटक व कलविंक ही तिची नावे आहेत. मराठीत तिला लहानपणावरून नाव मिळाले आहे; त्यात देशाचा वा कुळाचा निर्देश नाही. मेणाच्या घरात राहणारी चिऊ प्रत्येक मराठी बालकाच्या ओळखीची असते. परंतु ओळख म्हणजे नोंद नव्हे. सलीम अली ह्यांनी बालपणी, १९०६–०७ च्या सुमारास, घरट्यातील मादी नर मारला गेल्यावर लगेच नवा जोडीदार कसा मिळविते ह्याचे टिपण केले होते. इतक्या परिचित पक्ष्याविषयीची अशी जुनी टिपणे आपल्याकडे विरळच. चिमणी नाहीशी होत आहे ही भावना आपल्याकडे पसरली तेव्हा ताडून पाहण्यास जुने आकडे जवळजवळ नव्हते. नाशिकचे मोहम्मद दिलावर ह्यांच्या पुढाकाराने २० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. दिल्लीने २०१२ मध्ये तिला राज्यपक्षी केले. आणि त्याच वर्षी नागरिकांच्या आठवणी व निरीक्षणे एकत्र करणारी देशव्यापी पाहणी झाली, तीत पाच हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. २०२० च्या राष्ट्रीय अहवालाने मात्र लोकसमजुतीस मुरड घातली : महानगरांत घट दिसते, परंतु देशभराचा विचार करता मागील पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या साधारणतः स्थिर आहे.

ह्या निष्कर्षाने शहरवासीयाचा अनुभव खोटा ठरत नाही. त्याची व्याप्ती तेवढी ठरते. मुंबईच्या खिडकीतून दिसलेले सत्य मुंबईपुरते असते, आणि खेड्यातील अंगणात दिसलेले त्या अंगणापुरते. अमेरिकेतील वादात नेमके हेच विसरले गेले होते. प्रत्येकाने स्वतःच्या अंगणावरून सर्व देशातील चिमणीचा न्याय केला आणि न्यायाची भाषा माणसांच्या भांडणातून उसनी घेतली. त्या भाषेने लिहिलेली पाने आज केवळ त्या काळच्या मनोवृत्तीचा पुरावा म्हणून वाचली जातात. बॅरोज व काल्मबाख ह्यांची कोष्टके, बंपसची मापे आणि निकल्सनची गणना मात्र अजूनही कामास येतात. सामान्य मानल्या गेलेल्या वस्तूंची काटेकोर नोंद ती सामान्य असतानाच करून ठेवावी लागते. ती दुर्मिळ झाल्यावर आरंभ केला तर तुलनेस मागे काहीच उरत नाही. भाषेतील बोली व शब्द ह्यांच्या अभ्यासकांनाही हा नियम तितकाच लागू पडतो.